प्रकाशाने कर्करोग बरा होतो काय?

काही दिवसांपूर्वी काचीगुड्यातील माझ्या दवाखान्यात आपल्याच समाजातील एक निवृत्त शिक्षक आले. मलाशयाच्या कर्करोगाचे निदान झालेले आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली. त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, प्रकाशकिरणांनी कर्करोगाच्या पेशी मरतात, असे वाचले. मग पोट कापायचे कशाला?" हा प्रश्न आपणांपैकी कोणालाही विचारला जाईल, म्हणून त्यांना दिलेले उत्तर येथे मांडतो.

औषधाला प्रकाशाची जोड ही कल्पना जुनी आहे. कोडावर बावची लावून उन्हात बसण्याची आपल्याकडील रीत परिचित आहेच. १९०० च्या सुमारास म्युनिक येथे ऑस्कर राब या विद्यार्थ्याला आढळले की, अ‍ॅक्रिडिन या रंगद्रव्यातील एकपेशीय जीव उजेडात लवकर मरतात. पुढे फोटोफ्रिन हे औषध आले; १९९५ मध्ये अमेरिकेत ते अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी मान्य झाले.

हे औषध शिरेतून देतात. सुमारे दोन दिवसांनी गाठीवर ६३० नॅनोमीटरचा तांबडा लेसर प्रकाश सोडतात. औषध ती ऊर्जा पेशीतील प्राणवायूला देते आणि तयार झालेला उग्र प्राणवायू पेशी व रक्तवाहिन्या नष्ट करतो. औषध, प्रकाश व प्राणवायू यांपैकी एक जरी नसले, तरी क्रिया होत नाही. दृष्टिपटलाच्या विकारांत व्हर्टेपॉर्फिन वापरणाऱ्या नेत्रतज्ज्ञांना हे तत्त्व ठाऊक आहे.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशी प्रयोगशाळेत या रीतीने मरतात, हे खरे. लंडनच्या बार व बाऊन यांनी १९९० मध्ये काही रुग्णांवरील प्राथमिक अनुभवही प्रसिद्ध केला. परंतु तांबडा प्रकाश ऊतींत काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर शिरतो. लसिकाग्रंथी वा यकृतात पसरलेला रोग त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. शिवाय फोटोफ्रिननंतर निदान महिनाभर ऊन टाळावे लागते. हैदराबादच्या उन्हाळ्यात हे किती कठीण! म्हणून आतड्याच्या कर्करोगात ही आजही रूढ उपचारपद्धती नाही.

मी गुरुजींना शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये, असे सांगितले. रक्त पडत असताना आठ महिने त्यांनी मूळव्याधीचे मलम लावले होते. तोच काळ मोलाचा होता. वैद्यकबंधूंना विनंती एवढीच की, शौचावाटे रक्त जाणाऱ्या रुग्णाची बोटाने तपासणी केल्याशिवाय आणि आवश्यक तेथे दुर्बीण घातल्याशिवाय मूळव्याधीचा शिक्का मारू नये.