भंगारातून राऊटर बांधणाऱ्या भाच्याला

चंद्रपूर



वडसाच्या भंगारवाल्याकडून तू दोन जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि एक झेरॉक्स मशीन आणलंस, त्यातून संगणकाच्या आज्ञेने लाकूड कापणारा सीएनसी राऊटर बांधणार आहेस, असं ताईने फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. खेड्यात राहून हे जमत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला पाबळचं नाव सांग. पुणे जिल्ह्यातल्या त्या गावात डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि गावातल्या मुलांना हाताने काम करत शिकवलं. एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये तिथे फॅब लॅब सुरू झाली, अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ती एक.

आता कामाचं. तुझं सगळं लक्ष मोटर आणि अर्डुइनोकडे आहे, हे ताईच्या बोलण्यावरून कळलं. ते सोपं आहे. मशीन चालवणारं जीआरबीएल सॉफ्टवेअर फुकट मिळतं, अर्डुइनो उनोवर चढवायला वेळ लागत नाही. अवघड असतो तो सांगाडा. तो सरळ, काटकोनात आणि घट्ट नसेल तर वरची सगळी इलेक्ट्रॉनिक्स वाया.

झेरॉक्समधले गुळगुळीत रॉड जपून काढ, भंगारातला खरा माल तोच. प्रत्येक रॉड जाड काचेवर लोळवून बघ. खालून उजेड दिसला की तो वाकलेला, बाजूला ठेव. हातोडीने सरळ करायच्या भानगडीत पडू नको. सांगाड्याला लाकूड नको, आपल्या पावसाळ्यात ते फुगतं. लोखंडी चौकोनी पाइप घे आणि वेल्डिंगऐवजी नट-बोल्टने जोड. वेल्डिंगने पाइप ओढला जातो, मग दुरुस्तीला वाव राहत नाही. समोरासमोरच्या बाजू सारख्या करून दोन्ही कर्ण मोज. ते जुळेपर्यंत बोल्ट पक्के आवळू नको.

मोटरचं फिरणं सरळ हालचालीत बदलणाऱ्या स्क्रूचं गणित असं. नेहमी मिळणारा टी-८ स्क्रू एका फेऱ्यात ८ मिमी सरकवतो. मोटरची एका फेऱ्यात २०० पावलं, मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरने प्रत्येकाचे १६ भाग केले, म्हणजे मिलिमीटरला ४०० पावलं. कागदावर हे अडीच मायक्रॉन झाले. पण नट सैल असेल तर दिशा बदलताना त्याच्या कितीतरी पट माप हरवतं. त्यासाठी स्प्रिंगचा दुहेरी नट विकत घे, इथे भंगार चालणार नाही. पॉवर सप्लाय, इमर्जन्सी स्विच आणि अर्थिंगची वायरही नवीच. जुन्या सप्लायमधले कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देतात, उघडताना ध्यानात ठेव. आणि चालू ड्रायव्हरवरून मोटरची वायर कधीही काढू नको, ड्रायव्हर जागीच जळू शकतो. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात ड्रायव्हरवर पंखा हवाच.

प्रिंटरच्या मोटरी सागवान कापायला पुरणार नाहीत. त्यांनी आधी पेन चालव. १०० मिमीचा चौकोन काढ, मोज, चूक शोध, पुन्हा काढ. पेनने माप जमलं की मग जास्त ताकदीच्या नेमा २३ मोटरी आणि कापणारा राऊटर बसव. ही पायरी गाळून थेट कटर लावायची घाई पुष्कळांना होते, आणि बिटं तुटतात ती त्यातच.

सागात सिलिका असते, बांबूच्या सालीतही. साधी स्टीलची बिटं लवकर बोथट होतात, कार्बाइड घे. उथळ घास घे. सागाच्या भुशाने अंगाला खाज सुटते, नाकात गेला तर त्रास होतो. मास्क आणि चष्म्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, हे मला वचन दे. लाकडाचे तुकडे आरागिरणीतून पावतीसकट आण. आलापल्लीच्या सागाचं मोल सरकारलाही ठाऊक आहे, विनापावती लाकूड घरात सापडलं तर ताईला त्रास होईल.

पहिला चौकोन काढलास की चारही बाजूंची आणि दोन्ही कर्णांची मापं मला लिहून पाठव. चुकीची आली तरी तशीच पाठव.

तुझा मामा