डिझेल सांडलेल्या मातीला हवा द्या



विहिरीवरील इंजिनाची टाकी गळली किंवा डिझेलचा डबा कलंडला, तर आपण वरून माती लोटून मोकळे होतो. पण तेल तेथेच राहते. त्या जागी पीक पिवळे पडते आणि पावसाच्या पाण्याबरोबर तेल विहिरीकडे झिरपू शकते.

मातीतील काही जिवाणू डिझेल खाऊन जगतात. हवा, ओल आणि खत मिळाले म्हणजे ते तेलाचे पाणी व कार्बन डायऑक्साइड वायू करून टाकतात. अलास्कात १९८९ साली 'एक्सॉन वाल्डीझ' जहाजातील तेल सांडले, तेव्हा किनाऱ्यावर खत टाकून याच जिवाणूंना मदत करण्यात आली. दबलेल्या मातीत हवा खेळत नाही, म्हणून तेथे त्यांचे काम अडते.

आम्ही सुचवितो ती रीत अशी :

१. प्रथम गळती बंद करा. विडी-काडी जवळ नको. साचलेले तेल लाकडाच्या भुशाने टिपून घ्या. तो भुसा चुलीत घालू नका.

२. वास येतो तेथपर्यंतची माती खणून काढा आणि विहीर, ओढा व घर यांपासून दूर, जाड ताडपत्रीवर पसरा. थर वीतभर असावा. भोवती बांध घाला, पावसात झाका.

३. चांगले कुजलेले शेणखत मिसळा. पाच लिटर तेलामागे सुमारे अर्धा किलो युरिया दोन-तीन वेळा विभागून द्या.

४. आठवड्यातून एकदा कुदळीने माती खालीवर करा. ओल वाफशाइतकीच ठेवा. चिखल झाला की हवा कोंडते.

पेट्रोल लवकर उडून जाते. डिझेलला काही महिने लागतात. ही वाफ आरोग्याला वाईट, म्हणून वारा पाठीवर घेऊन काम करा, मुलांना दूर ठेवा आणि नंतर हातपाय साबणाने धुवा.

वास गेल्यावर पेलाभर पाण्यात थोडी माती ढवळून पाहा. तवंग दिसला तर काम बाकी आहे. तवंग नसेल तर कुंडीत त्या मातीत मूग पेरून पाहा. उगवण चांगली झाली तरी ती माती भाजीच्या वाफ्यात न घालता बांधावर टाका. इंजिनाच्या जळक्या तेलात धातूंचे अंश असतात. ते हवेने जात नाहीत. तसली माती शेतात नकोच.

विहिरीच्या पाण्यालाच वास आला, तर ते पिऊ नका. उकळून ते पिण्याजोगे होते असे मानू नका. पाणी तपासून घ्या, तोवर दुसरीकडून आणा आणि शेजाऱ्यांनाही सांगा. त्यांच्या विहिरीला तोच झरा असू शकतो.