आधी गच्ची, मग भिंती

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो आणि रात्रीही स्लॅबखाली झोप लागत नाही. भिंतींपेक्षा गच्चीच अधिक का तापते? ही शहरे 21 अंश उत्तर अक्षांशाजवळ आहेत. त्यामुळे 25 मेच्या सुमारास मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो. किरण गच्चीवर सरळ पडतात, दक्षिणेच्या भिंतीला नुसते चाटून जातात. तेव्हा चुना आधी गच्चीला! तो बराचसा प्रकाश परतवतो, शिवाय शोषलेली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. चकचकीत पत्र्याला पहिले जमते, दुसरे फारसे नाही; म्हणून त्यावर हात ठेववत नाही. पावसाने चुना धुपतो, धुळीने मळतो. दोन सारख्या फरशा घ्या, एकीला चुना लावून वाळवा, उन्हात ठेवा आणि दुपारी दोन वाजता दोन्हींना हात लावून पाहा.