दुखावलेले मूल आणि सूरह यूसुफचा पाठ

एकाच वर्गात बसलेल्या मुलांच्या दप्तरांत पुस्तके सारखी असतात. मनावरचे ओझे मात्र सारखे नसते. कोविडच्या साथीत कोणाचे वडील गेले. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण-महाडकडे कोणाचे घर डोळ्यांदेखत बुडाले. कोणाच्या घरी रोजच मारहाण चालते. असे मूल वर्गात शरीराने हजर असते, परंतु त्याचे मन तेथे नसते. आपण त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगतो, ‘रडू नकोस, सब्र कर.’ हेतू शुद्ध असतो; परंतु सब्र म्हणजे गप्प राहणे असाच अर्थ त्या मुलाच्या मनात रुजतो. हा अर्थ कुरआनच्या शिकवणीशी जुळतो का, हे पाहणे शिक्षक आणि पालक या दोघांचेही कर्तव्य आहे.

कथेचे प्रयोजन

सूरह हूदच्या अखेरीस (११:१२०) अल्लाहने पूर्वीच्या पैगंबरांचे वृत्तांत सांगण्याचा हेतू स्पष्ट केला आहे : त्यायोगे पैगंबर मुहम्मद (स.) यांचे अंतःकरण दृढ व्हावे. लगेच पुढची सूरह यूसुफची आहे. १११ आयतींच्या या मक्की सूरहला अल्लाहनेच सर्वोत्तम कथा म्हटले आहे. अर्थात, कथेने मनाला आधार देणे ही काही आधुनिक मानसशास्त्राने प्रथमच लावलेली वाट नव्हे.

कथेचे सामर्थ्य यात आहे की, ती मुलाला स्वतःविषयी बोलण्याची सक्ती करीत नाही. ‘तुला काय झाले?’ या प्रश्नाला जे मूल उत्तर देत नाही, तेच ‘विहिरीत त्या बालकाला कशाची भीती वाटली असेल?’ या प्रश्नावर बोलू लागते. दुसऱ्याच्या दुःखाच्या निमित्ताने त्याला आपल्या दुःखासाठी शब्द सापडतात.

याकूब (अ.) यांचे अश्रू

पुत्रवियोगाची वार्ता ऐकताच हजरत याकूब (अ.) यांनी सब्रे जमील, म्हणजे सुंदर संयमाचा निश्चय केला (१२:१८). तरीही पुढे दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले (१२:८४). आता यूसुफची आठवण पुरे, नाहीतर जीव जाईल, असे मुलांनी टोकले, तेव्हा आपण आपली व्यथा अल्लाहपुढेच मांडतो, असे त्यांनी उत्तर दिले (१२:८६). त्यांनी दुःख नाकारले नाही आणि अल्लाहविषयी निराशाही बाळगली नाही. पैगंबर (स.) यांच्या डोळ्यांतूनही पुत्र इब्राहीमच्या मृत्यूसमयी अश्रू वाहिले होते. म्हणून रडणाऱ्या मुलाचा ईमान कच्चा आहे, असे सुचविणे अन्यायाचे ठरेल.

वर्गात पाठ कसा घ्यावा?

ही सूरह एका तासात उरकू नये. स्वप्न, विहीर, पित्याचा शोक, तुरुंग आणि पुनर्भेट असे पाच तास करावेत. विहिरीचा भाग शिकविण्यापूर्वी मुलांना कल्पना द्यावी की आज कथेत दुःखाचा प्रसंग आहे; ज्याला जड वाटेल त्याने शांत बसून राहिले तरी चालेल. तो तास विहिरीतच संपवू नये. त्या अंधारातही अल्लाहने बालकाला धीर दिला होता (१२:१५), इथपर्यंत अवश्य पोहोचावे.

पैगंबरांची चित्रे काढणे किंवा त्यांची भूमिका करणे आपल्याकडे वर्ज्य आहे. विहीर, काफिला, वाट आणि सदरा मात्र रेखाटता येतात. सदरा तर मुलांना विशेष भावतो : एकदा त्यावर खोटे रक्त लागते, दुसऱ्यांदा तो मागून फाटलेला असल्याने निर्दोषत्व सिद्ध होते आणि अखेरीस यूसुफ (अ.) यांचा सदरा पित्याच्या चेहऱ्यावर टाकताच दृष्टी परत येते. मोठ्या मुलांना काफिल्यातील पाणी काढणाऱ्याच्या नजरेने तो प्रसंग लिहावयास सांगावे. लिहिलेले वाचून दाखविण्याची सक्ती नको, त्याला गुणही देऊ नयेत.

शेवटच्या तासाला एक सूक्ष्म गोष्ट लक्षात आणून द्यावी. अल्लाहचे उपकार आठवताना यूसुफ (अ.) तुरुंगातून सुटल्याचा उल्लेख करतात, विहिरीचा करीत नाहीत (१२:१००). भावांना लाज वाटू नये म्हणून त्यांनी ती वगळली, असे भाष्यकार सांगतात. आपल्या दुःखातले किती आणि कोणापुढे सांगावे, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते, हा धडा शिक्षकानेही यातून घ्यावा. सर्वांसमोर एखाद्या अनाथ मुलाकडे बोट दाखवून ‘याच्यासारखेच’ असे म्हणणे कटाक्षाने टाळावे.

दोन मर्यादा

पहिली मर्यादा क्षमेची. यूसुफ (अ.) यांनी भावांना क्षमा केली ती अनेक वर्षांनी, अधिकारपदावर असताना आणि भावांनी अपराध कबूल केल्यावर. ज्या मुलावर आजही अत्याचार होत आहे, त्याला या प्रसंगाचा दाखला देऊन गप्प बसविणे म्हणजे अत्याचाऱ्याला साहाय्य करणे होय. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे पॉक्सो कायदा, २०१२ अन्वये बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक आहे. घराण्याची अब्रू मुलाच्या सुरक्षिततेहून मोठी नाही.

दुसरी मर्यादा शिक्षकाची. झोप उडणे, जेवण तुटणे, सतत दचकणे, स्वतःला इजा करणे अशी लक्षणे दिसल्यास समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जावे. उपचार घेणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, पैगंबर (स.) यांनी उपचार करण्याची शिकवण दिली आहे.

घरातील वाटा

हजरत अनस (र.) यांचा लहान भाऊ अबू उमैर याचा चिमुकला पक्षी मेला, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्या बालकाला आपुलकीने त्या पक्ष्याविषयी विचारले. उपदेश करण्याआधी त्यांनी त्याच्या दुःखाची दखल घेतली. आपल्या घरीही रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे सूरह यूसुफचा मराठी अनुवाद मोठ्याने वाचावा आणि मूल काही बोलले तर मध्ये न तोडता ऐकावे.

अल्लाह आपल्या मुलांच्या अंतःकरणांना दृढता देवो आणि त्यांचे ऐकून घेण्याचे धैर्य आपल्याला देवो. आमीन.