उन्हाळी शिबिर आणि बालवीराचे मन

मार्च महिन्यात शाळेच्या पथकात उन्हाळी शिबिराची सूचना वाचून दाखविली की जवळजवळ सगळे हात वर होतात. एप्रिलमध्ये परीक्षा येतात, संमतिपत्रे घरोघरी जातात, आणि मे उजाडेपर्यंत नावांची यादी निम्म्यावर येते. मग शिक्षकांच्या खोलीत एक ठरलेले वाक्य ऐकू येते : "मुलांना हल्ली कशाचा उत्साहच राहिलेला नाही."

महाविद्यालयात आल्यापासून मी रोव्हर म्हणून एका शाळेच्या बालवीर पथकाला मदत करीत आहे. पहिल्या वर्षी मीही हेच वाक्य म्हणत होतो. आज ते मला खरे वाटत नाही. मार्चमध्ये वर झालेले हात खोटे नव्हते. मार्च आणि मे यांच्या दरम्यान त्या उत्साहाचे काय होते, हे आपण पाहत नाही, एवढेच. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे. आपल्यापैकी अनेक जण पुढे शिक्षक होतील. त्यांच्या वाट्याला एखादे पथक आलेच, तर हा विचार थोडाबहुत उपयोगी पडावा, अशी अपेक्षा आहे.

पहिले शिबिर

स्काउट चळवळीचा जन्मच मुळी शिबिरात झाला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांना घेऊन आठवडाभराचे शिबिर भरविले. त्यांचे 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक त्यानंतर, म्हणजे १९०८ साली, पाक्षिक भागांनी प्रसिद्ध झाले. म्हणजे आधी मुले रानात राहिली आणि मग पुस्तक आले.

त्या शिबिरातील तीन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट संघांची. मुलांचे चार लहान संघ पाडले होते. लांडगा, बैल, डोमकावळा आणि एक पाणपक्षी अशी त्यांची चिन्हे होती. प्रत्येक संघाला मुलांतलाच एक नायक होता आणि संघाच्या वागणुकीची जबाबदारी त्याच्यावर होती. दुसरी गोष्ट कामाची. रात्री एकेका संघाने पाळीपाळीने पहाऱ्याला जायचे आणि मिळालेला शिधा आपला आपण शिजवायचा, अशी रीत होती. पहारा हा खेळ होता, पण तो मुलांवर सोपविलेला होता. तिसरी गोष्ट पैशांची, आणि तिची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. सधन घरच्या, मोठ्या निवासी शाळांतील मुलांकडून १ पौंड घेतला होता. गावातील साध्या घरच्या मुलांकडून मात्र साडेतीन शिलिंगच घेतले. एका पौंडाचे त्या वेळी २० शिलिंग होत. हे ध्यानात घेतले म्हणजे हा फरक केवढा होता ते कळेल. दोन्ही प्रकारची मुले एकाच तंबूत झोपली आणि एकाच शेकोटीभोवती बसली.

आपल्या देशात १९०९ मध्ये बंगळूर येथे पहिले पथक निघाले. ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते होते. भारतीय मुलांना दार बंद होते, तरी ओढ इतकी होती की १९१६ मध्ये मद्रासला डॉ. अ‍ॅनी बेझंट यांनी आणि १९१८ मध्ये अलाहाबादला पं. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी भारतीय मुलांसाठी निराळ्या संघटना उभारल्या. पुढे ७ नोव्हेंबर १९५० रोजी अशा वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन 'भारत स्काउट्स आणि गाईड्स' ही संस्था झाली. आज दार उघडे आहे, तरी मुले उंबरठ्याशी थबकतात. ती का थबकतात हाच आपला प्रश्न आहे.

नकारामागची कारणे

मुलगा "मला यायचे नाही" असे म्हणतो तेव्हा ते क्वचितच खरे कारण असते. माझ्या अल्प अनुभवात मला चार कारणे आढळली.

एक, मामाचे गाव. वर्षभर वाट पाहिलेली आमराई, विहिरीतले पोहणे आणि भावंडांचा मेळा यांच्याशी आपले शिबिर स्पर्धा करीत असते. ही स्पर्धा लढण्यात अर्थ नाही. सुटीच्या आरंभीच चार-पाच दिवसांचे शिबिर घेतले आणि तारखा फेब्रुवारीतच पालकांना कळविल्या, तर मुलाला दोन्ही सुख मिळते.

दोन, पैसे. शिबिराची वर्गणी एक वेळ घरचे देतात, परंतु वळकटी, बूट, टॉर्च, ताट-वाटी अशी यादी वाचली की मुलगा मनाशी हिशेब करतो आणि घरी संमतिपत्र दाखवतच नाही. घरची ओढाताण त्याला ठाऊक असते. ती चारचौघांत सांगण्यापेक्षा "मला आवडत नाही" असे म्हणणे त्याला सोपे जाते.

तीन, आईची काळजी. जेवण कसे असेल, पाण्याजवळ कोणी लक्ष देईल का, ताप आला तर काय, असे प्रश्न तिला पडतात. वीरबालांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट असते. हल्ली हातोहाती मोबाईल असल्यामुळे, चार दिवस मुलाचा आवाज ऐकायचा नाही ही कल्पनाच घरच्यांना अवघड वाटते.

चार, मुलाची स्वतःची भीती. अंधार, अनोळखी जागा, उघड्यावर आंघोळ, मोठ्या मुलांची चेष्टा यांची भीती त्याला असते. ती तो कोणालाही सांगत नाही.

या चौथ्या कारणाबद्दल मला एक कबुली दिली पाहिजे. पहिल्या वर्षी सहावीतला एक मुलगा, गाठी बांधण्यात आणि माग काढण्यात सगळ्यांत तरबेज, शिबिराला येत नाही म्हणाला. कारण विचारले तर मान खाली घालून उभा राहिला. सगळे पथक समोर होते. मी हसत म्हणालो, "आईचा पदर सोडवत नाही वाटतं!" मुले खो खो हसली. तोही हसला. शिबिराला तो आला नाहीच, पण जूनमध्ये शाळा उघडल्यावर पथकातही आला नाही.

पुढे एकदा त्याची आई बाजारात भेटली. मी चौकशी केली तेव्हा ती थोडी संकोचून म्हणाली, "दादा, तुम्हाला म्हणून सांगते. रात्री अंथरूण ओलं होतं त्याचं, अजून. तंबूत पोरांना कळलं तर शाळेतच जाणार नाही म्हणायचा." मला काय बोलावे ते सुचले नाही. ज्या मुलाला शिबिराची ओढ सर्वांत जास्त होती, त्यालाच मी भित्रा ठरविले होते. मी नंतर त्याच्या घरी जाऊन त्याची माफी मागितली. "काही नाही, दादा," एवढेच तो म्हणाला. पथकात मात्र तो परत आला नाही.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. शिबिराला न येण्याचे कारण पथकासमोर कधीही विचारायचे नाही. ते एकट्याने, चालता चालता विचारावे, आणि मुलाने सांगितले नाही तर तेथेच थांबावे. कारण कळले तर उपाय बहुधा साधा असतो. झोपण्यापूर्वी बरेच आधी पाणी थांबविणे, मध्यरात्री पहारा बदलताना त्या मुलालाही गुपचूप उठविणे, कपड्यांचा एक जादा जोड आपल्या पिशवीत ठेवणे एवढ्याने निभावते. ही गोष्ट मूल, त्याचे पालक आणि पथकप्रमुख यांच्याबाहेर जाता कामा नये.

शिबिरापूर्वीचे दोन महिने

शिबिराचे वर्णन रंगवून सांगितले की मुलांना उत्साह वाटतो, असा आपला समज असतो. वर्णनाचा उत्साह आठवडाभर टिकतो. हातात काम आले की तो पुष्कळ अधिक टिकतो. म्हणून मार्चपासूनच शिबिर संघांच्या हाती द्यावे. दुसऱ्या वर्षी आम्ही पुढील गोष्टी करून पाहिल्या.

प्रत्येक मुलाला शिबिरातील एक काम आधीच नेमून दिले. कोणी चूल व सरपण, कोणी पाणी, कोणी कंदील व दोर, कोणी औषधांची पेटी, कोणी शेकोटीचा कार्यक्रम पाहणार. "तू आलास तर बरे होईल" या वाक्यापेक्षा "तू नसलास तर आपल्या संघाची चूल कोण पेटवणार?" या प्रश्नाचे वजन मुलाला अधिक वाटते. मात्र काम खरे असले पाहिजे. नावापुरते दिलेले काम मुले ताबडतोब ओळखतात.

जेवणाचा बेत संघांनीच ठरविला. चार दिवसांचा शिधा किती लागेल याचा हिशेब करून मुले वाण्याकडे भाव विचारून आली. पिठले-भात की खिचडी, यावर एक संपूर्ण सभा झाली. तांदूळ किती शिजतो हे ठाऊक नसल्यामुळे मुले आपापल्या आईला विचारू लागली, आणि शिबिराची चर्चा आपोआप स्वयंपाकघरात पोहोचली.

एप्रिलच्या एका शनिवारी शाळेच्या मैदानावर एक रात्र मुक्काम केला. घर हाकेच्या अंतरावर होते. ज्याला राहवणार नाही त्याला घरी पोहोचवू, असे आधीच सांगितले होते. रात्री दोघे घरी गेले. त्यांना कोणी काही बोलले नाही. सकाळी न्याहारीला दोघेही परत हजर झाले. अंधाराची भीती व्याख्यानाने जात नाही. अंधारात एक रात्र मित्रांबरोबर काढली की ती पुष्कळशी ओसरते.

शिबिराची हकिगत आम्ही सांगितली नाही, ती मागच्या वर्षीच्या मुलांकडून सांगवली. आमच्या तोंडी शिस्त, स्वावलंबन, सेवा असे शब्द आले असते. मुलांनी करपलेली भाकरी, पावसाची अवेळी सर आणि रात्री तंबूत शिरलेले कुत्रे यांच्या गोष्टी सांगितल्या. नवी मुले डोळे विस्फारून ऐकत होती.

पैशांसाठी सर्व पथकाने मिळून 'खरी कमाई' केली. शेजारीपाजारी सायकली पुसणे, बागेला पाणी घालणे, रद्दी बांधून देणे अशी कामे करून आलेले पैसे शिबिराच्या एकाच डब्यात टाकले. कोणी किती आणले याची यादी लावली नाही. सामानाच्या यादीतून बूट आणि टॉर्च काढून टाकले, आणि वळकटीसाठी "घरातील जुनी चादर किंवा गोधडी" असे स्पष्ट लिहिले. एवढ्या दोन शब्दांनी काही नावे यादीत परत आली.

आणि शेवटी, प्रत्येक घरी जाऊन आलो. वीरबालांच्या घरी त्यांच्या शिक्षिका गेल्या. जागा कोठे आहे, पाणी कोठले, रात्री जागे कोण राहणार, जवळचा दवाखाना किती अंतरावर, हे आईला सांगितले. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी शिबिरातून एक निरोप येईल, असेही ठरविले. छापील पत्रकाने जे होत नाही, ते ओसरीवर कपभर चहा घेताना होते.

उन्हाचे भान

आपले ब्राउनसी मे महिन्यात असते, हे विसरून चालणार नाही. दुपारच्या उन्हात कवायत करून घेतली तर पुढच्या वर्षी कोणत्याही युक्तीने मुले येणार नाहीत, आणि येऊही नयेत. भारत स्काउट्स आणि गाईड्सचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सातपुड्यात, १,००० मीटरहून अधिक उंचीवरील पचमढी येथे आहे. प्रत्येक पथकाला थंड हवेचे ठिकाण परवडत नाही, परंतु सावली आणि पाणी प्रत्येकाला शोधता येते. दाट झाडी, बारमाही पाण्याची विहीर, पहाटे चालणे आणि काम, दुपारी झाडाखाली किमचा खेळ किंवा गाठींचा सराव, आणि सूर्य कलल्यावर पुन्हा मैदान असा दिनक्रम ठेवावा. किमचा खेळ म्हणजे कापडाखाली झाकलेल्या वस्तू थोडा वेळ पाहून आठवून लिहिणे. त्याचे नाव रडयर्ड किपलिंग यांच्या १९०१ मधील 'किम' या कादंबरीवरून आले. त्याला खर्च काही नाही आणि तो ऐन दुपारी मुलांना तासभर गुंतवून ठेवतो.

काय टाळावे

सक्ती टाळावी, कारण सक्तीने आलेला मुलगा शिबिरात दिवस मोजत राहतो. अतिशयोक्ती टाळावी. घोडे, नौका आणि डोंगरचढाई यांचे आमिष दाखवून प्रत्यक्षात तंबू आणि खिचडीच मिळाली, तर मुलगा आपल्याला खोटे ठरवितो. सोपान आणि पदके यांचे प्रलोभनही बेताने वापरावे. पदक हे केलेल्या कामाची खूण असते. तेच येण्याचे एकमेव कारण झाले, तर ते मिळाल्यावर पथकात राहण्याचे कारण उरत नाही. आणि न येणाऱ्याची चेष्टा तर कधीच करू नये, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो.

दुसऱ्या वर्षी आमच्या पथकातील सगळी मुले आली असे नाही. काही मामाच्या गावी गेली, आणि ती आनंदात होती. पण जी आली नाहीत त्यांतील प्रत्येकाचे कारण या वेळी आम्हाला ठाऊक होते, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर ती सर्व पथकात परत आली. शिबिर यशस्वी झाले की नाही हे मोजताना मी हल्ली तंबूतील संख्येबरोबर ही दुसरी संख्याही पाहतो. मागच्या वर्षीचा तो गाठी बांधणारा मुलगा मात्र तिच्यात नव्हता.