भोगीचा अग्नी आणि नागरिकांचे उत्तरदायित्व

अग्नीला आपल्या संस्कृतीत देवतेचे स्थान आहे. गृहप्रवेशापासून अंत्यसंस्कारापर्यंत प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगी तो साक्षी असतो. परंतु हाच अग्नी स्थळ, काळ व मर्यादा यांचे भान न ठेवता प्रज्वलित केला, तर तो उपकारक न राहता उपद्रवकारक ठरतो. चेन्नई महानगरात दरवर्षी जानेवारीत साजरी होणारी भोगी हे याचे बोलके उदाहरण होय. उघड्यावर कचरा व जुन्या वस्तू जाळण्यावरील निर्बंध, त्यामागील शास्त्रीय कारणे आणि बँकेच्या ग्राहकांच्या दृष्टीने त्याचे आर्थिक महत्त्व यांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एक सण, दोन रूपे

संक्रांतीच्या आदल्या दिवशी येणारी भोगी महाराष्ट्राला अपरिचित नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी, गाजर, हरभरा, घेवडा यांची मिश्र भाजी आणि लोणी असा बेत या दिवशी घरोघरी असतो. ‘न खाई भोगी, तो सदा रोगी’ ही म्हण त्यातूनच आली. तमिळनाडूत मात्र याच दिवसाला वेगळे रूप लाभले आहे. मार्गळी महिन्याचा हा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी तै महिना व पोंगल सुरू होतो. घराची झाडलोट करावयाची, निरुपयोगी वस्तू बाहेर काढावयाच्या आणि पहाटे दारासमोर त्या अग्नीला अर्पण करावयाच्या, ही तेथील रीत. मुले छोटे डफ वाजवीत त्या शेकोटीभोवती जमतात. जुने जावे व नव्याला वाट मिळावी, हा त्यामागील भाव.

प्रथा निर्माण झाली त्या काळी जाळल्या जाणाऱ्या वस्तू म्हणजे झिजलेल्या चटया, केरसुण्या, ताडाची पाने, सुती चिंध्या अशा होत्या. वस्ती विरळ होती. आज त्या ढिगात प्लॅस्टिक, रेक्झिन, फोम, रंगविलेले लाकूड, विजेच्या तारा व वाहनांचे टायर येऊन पडतात. वस्ती दाट आहे, इमारतीला इमारत लागून आहे. प्रथा तीच राहिली. पण जळणारा पदार्थ आणि भोवतालचे नगर ही दोन्ही बदलली. प्रश्नाचे मूळ येथे आहे.

धूर खालीच का राहतो?

सामान्यतः जमिनीलगतची हवा उष्ण व वरची थंड असते. त्यामुळे धूर वर जाऊन विरतो. हिवाळ्यातील निरभ्र रात्री हा क्रम उलटतो. जमीन लवकर थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड होते आणि तिच्यावर तुलनेने उष्ण हवेचा थर झाकणासारखा बसतो. या स्थितीस तापमानाचे व्युत्क्रमण असे म्हणतात. चेन्नई हे सागरकिनाऱ्यावरील शहर असले, तरी समुद्रावरून येणारा वारा दिवसा वाहतो. पहाटे हवा बहुधा स्तब्ध व दमट असते. नेमक्या याच वेळी हजारो शेकोट्या पेटतात. धूर आणि धुके एकत्र होऊन दाट धुरके तयार होते आणि ऊन चढेपर्यंत ते हलत नाही.

याचा परिणाम मीनंबाक्कम येथील विमानतळावरही होतो. जानेवारी २०१८ मध्ये भोगीच्या सकाळी दृश्यमानता इतकी घटली, की अनेक विमाने अन्य शहरांकडे वळवावी लागली. विमानातील प्रवाशाचा खोळंबा काही तासांनी संपतो. दम्याच्या रुग्णाला, अर्भकाला व वयोवृद्धाला मात्र ती पहाट फार महागात पडू शकते. कारण खिडकी बंद केली तरी धूर घरात शिरतोच.

धुरातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात. भारताच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांसाठी ही मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. कणांखेरीज टायरमधील गंधकापासून सल्फर डायऑक्साइड निर्माण होतो. पीव्हीसी प्रकारच्या प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन असते. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू आणि डायऑक्सिनसारखी अत्यंत घातक संयुगे तयार होतात. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. अशा धुराजवळ डफ वाजवीत उभी राहणारी मुलेच त्याची पहिली बळी ठरतात.

कायदा काय सांगतो?

उघड्यावरील ज्वलनावर एकाच नव्हे, तर अनेक कायद्यांची नजर आहे.

१. हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ : कलम १९ अन्वये राज्य शासनास प्रदूषण मंडळाशी विचारविनिमय करून, हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्रात इंधनाव्यतिरिक्त अन्य पदार्थ जाळण्यास मनाई करता येते.

२. घनकचऱ्याविषयीचे नियम : केंद्र शासनाच्या २००० च्या नियमांतच केरकचरा व सुका पाला जाळू नये असे म्हटले होते. २०१६ च्या नियमांनी ही जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकावर टाकली व रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत कचरा टाकण्यास, जाळण्यास वा पुरण्यास मनाई केली.

३. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश : डिसेंबर २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने देशभर उघड्यावर कचरा जाळण्यास संपूर्ण बंदी घातली. साध्या ज्वलनासाठी ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावरील ज्वलनासाठी २५,००० रुपये पर्यावरण भरपाई ठरविण्यात आली. कचरा डेपोवरील ज्वलनही या बंदीत आले.

४. भारतीय न्याय संहिता : १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या या संहितेच्या कलम २८७ नुसार अग्नी किंवा ज्वालाग्राही पदार्थाबाबत मानवी जीवितास धोका होईल असा निष्काळजीपणा हा दंडनीय अपराध आहे.

केवळ दंडाच्या भयाने प्रथा बदलत नाहीत, याची जाणीव प्रशासनालाही आहे. म्हणून तमिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळ दरवर्षी ‘धूरविरहित भोगी’चे आवाहन करते व त्या दिवशी शहराच्या निरनिराळ्या भागांतील हवेचे मापन करते. बृहत् चेन्नई महानगरपालिकेनेही अलीकडच्या वर्षांत भोगीपूर्वी जुने कपडे, टायर, ट्यूब आदी वस्तू घरोघरून गोळा करण्याची व्यवस्था जाहीर केली आहे.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो. सामान्य माणसाने दारापुढे दोन चटया जाळल्या तर दंड, आणि कचरा डेपो दिवसेंदिवस जळत राहतात त्याचे काय? हा प्रश्न निराधार नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांनीही टिपला. एप्रिल २०२२ मध्ये चेन्नईच्या पेरुंगुडी कचराभूमीला लागलेली आग विझविण्यास काही दिवस लागले व आसपासच्या वसाहतींना धुराचा त्रास सोसावा लागला. नगरसंस्थांनी आपले उत्तरदायित्व पार पाडलेच पाहिजे. परंतु त्यांच्या त्रुटीने नागरिकाचे कर्तव्य संपत नाही. कारण दारातील धूर प्रथम शेजाऱ्याच्याच घरात शिरतो.

ठिणगीची किंमत

उघड्या ज्वालेचा दुसरा धोका आगीचा. झावळ्यांच्या छपराला एक ठिणगी पुरते. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ बालकांचा अंत झाला. ज्वालाग्राही छपराजवळ अग्नी किती सावधपणे हाताळावा लागतो, याचा हा विदारक धडा आहे.

आर्थिक बाजूही तितकीच गंभीर आहे. कर्ज घेऊन बांधलेले घर वा दुकान भस्मसात झाले, तरी कर्ज जळत नाही. हप्ते चालूच राहतात. यासाठी तारण मालमत्तेचा विमा चालू ठेवणे ही कर्जदाराच्याच हिताची बाब आहे. निवासी घरांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित विमा पॉलिसी उपलब्ध असून तिच्यात आगीच्या हानीचा समावेश आहे. मात्र हेतुपुरस्सर केलेल्या कृत्यामुळे झालेली हानी विम्याच्या कक्षेत येत नाही.

जाळण्यापूर्वी वाचा

भोगीच्या झाडलोटीत कागदांचे गठ्ठेही बाहेर पडतात. आजोबांचे जुने पासबुक, मुदत ठेवीची पावती, समभागांचे प्रमाणपत्र, विमा पॉलिसी, खरेदीखत हे सारे ‘रद्दी’ म्हणून अग्नीत जाण्याचा संभव असतो. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते; तथापि ठेवीदाराचा किंवा त्याच्या वारसांचा त्यावरील हक्क नष्ट होत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अशा ठेवींचा शोध घेता येतो. परंतु मुळात कोणत्या बँकेत खाते होते, हे सांगणारे ते पिवळे पडलेले पासबुकच नसेल, तर कित्येक वारसांना शोधाची दिशाही सापडत नाही.

ग्राहकांसाठी काही सूचना

• जुने कागद प्रथम वाचावेत. शंका असल्यास शाखेत दाखवावेत.
• निरुपयोगी धनादेश व खात्याची माहिती असलेले कागद बारीक फाडून रद्दीत द्यावेत.
• वापरण्याजोगे कपडे व भांडी गरजूंना द्यावीत.
• पालापाचोळ्याचे खत करावे.
• टायर, प्लॅस्टिक व विजेच्या वस्तू कधीही जाळू नयेत. त्या संकलन व्यवस्थेकडे सोपवाव्यात.
• आग लागल्यास विलंब न करता १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. तेलाच्या वा विजेच्या आगीवर पाणी टाकू नये.

भोगीचा मूळ अर्थ त्यागाचा आहे, धुराचा नव्हे. जुनी चटई गरजूच्या झोपडीत पोहोचली किंवा पाल्याचे खत होऊन कुंडीतील तुळशीला मिळाले, तरी जुने जाऊन नवे येण्याचा हेतू सफल होतोच. अग्नी हवाच असेल, तर पोंगलच्या भाताखाली पेटणारी चूल पुरेशी आहे.