सांठविलेली प्रत कोठवर खरी?

घरांत धान्य भरून ठेवण्याची रीत आपणां सर्वांस ठाऊक आहे. तांदूळ कणगींत भरले कीं महिनोन्महिने बाजाराचें तोंड पाहावें लागत नाहीं. दुधाची गोष्ट मात्र निराळी, तें रोजचें रोज आणावें लागतें. कोणता जिन्नस किती काळ टिकेल हें जिला कळतें, त्या गृहिणीच्या घरीं अन्न वायां जात नाहीं व कोणी उपाशीही राहत नाहीं. इंटरनेटवरील पानांचाही असाच सांठा केला जातो. तो कसा होतो व त्यावर हुकमत कोणाची चालते, याचा थोडक्यांत विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपण मोबाईलवर एखादें पान उघडतों तेव्हां आपल्या यंत्रांतील ब्राउझर दूरच्या एका संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, मागणी पाठवितो व सर्व्हर उत्तरादाखल तें पान धाडतो. मुंबईहून लंडन सुमारें ७,२०० किलोमीटर दूर आहे. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लाख किलोमीटर जातो. तेव्हां लंडनास जाऊन परत येण्यास निदान ७२ सहस्रांश सेकंद लागणारच. हा काळ क्षुल्लक वाटेल. परंतु एका पानांत चित्रें, अक्षरांचे सांचे, आज्ञावली अशा डझनावारी वस्तु असतात, आणि दहावीच्या निकालाच्या दिवशीं तर लक्षावधि लोक एकदम मागणी करितात. म्हणून एकदां आलेल्या वस्तूची प्रत जवळ ठेवावी व पुढील मागणी तीवरच भागवावी, अशी युक्ति निघाली. या सांठ्यास कॅश म्हणतात. रोकड पैशाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. लपविणें या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द आला आहे.

हे सांठे मुख्यतः दोन प्रकारचे. एक आपल्याच ब्राउझरांतील, तो एकट्याचा. दुसरा वाटेवरच्या मध्यस्थ संगणकांतील. तो सामाईक, म्हणजे हजारों लोकांस एकच प्रत देणारा. हा भेद विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें महत्त्व कळून येईल.

आतां प्रश्न असा कीं, सांठ्यांतील प्रत कोठवर खरी मानावी? सांठा करणाऱ्यास हें आपण होऊन कळणें शक्य नाहीं. शाळेच्या बोधचिन्हाचें चित्र वर्षभर बदलणार नाहीं, पण परीक्षेचें वेळापत्रक उद्यां बदलेल, हें केवळ तें प्रसिद्ध करणाऱ्यास ठाऊक असतें. तेव्हां त्यानेंच तें सांगितलें पाहिजे. ही सूचना पानाबरोबर येते, पण पानावर दिसत नाहीं. पाकिटावर जसा पत्ता व शिक्का असतो, तशा पानाच्या अगोदर कांहीं ओळी येतात. त्यांस हेडर असें नांव आहे. ब्राउझर व सर्व्हर यांच्या संभाषणाचे नियम एचटीटीपी या नांवानें प्रसिद्ध आहेत, व हेडर हें त्या नियमांचेंच एक अंग होय.

१९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या नियमांत यासाठीं 'एक्स्पायर्स' नांवाची ओळ होती. अमुक तारखेस अमुक वाजेपर्यंत ही प्रत ताजी, एवढें ती सांगे. पण दोन यंत्रांचीं घड्याळें जुळलीं नाहींत तर शिळी प्रतही ताजी ठरावयाची. १९९७ च्या नियमांत 'कॅश-कंट्रोल' ही ओळ आली. तींत 'मॅक्स-एज' या शब्दापुढें सेकंदांची संख्या लिहितात. ३६०० लिहिलें तर प्रत एक तास ताजी. ३१५३६००० लिहिलें तर एक वर्ष. दोन्ही ओळी आल्यास 'मॅक्स-एज' हीच मुदत प्रमाण मानावयाची असा नियम आहे.

मुदत संपली म्हणजे प्रत फेंकूनच द्यावी, असें मात्र नाहीं. सर्व्हर पानासोबत 'ईटॅग' नांवाची एक खूण देऊं शकतो. पान बदललें कीं खूणही बदलते. ब्राउझर ती खूण परत पाठवून जणूं विचारतो, 'मजजवळ ही प्रत आहे; ती अजून चालेल काय?' चालत असेल तर सर्व्हर सगळें पान न धाडतां केवळ ३०४ हा अंक कळवितो. त्याचा अर्थ, कांहीं बदल नाहीं. बदल झाला असेल तर २०० या अंकासह नवें पान येतें.

येथें तीन शब्द नीट पारखून घेतले पाहिजेत, कारण जाणतेही त्यांत चुकतात. 'नो-कॅश' म्हणजे सांठवूं नको, असें वरवर पाहतां वाटतें; पण खरा अर्थ असा कीं, खुशाल सांठव, मात्र दर वेळीं सर्व्हरला विचारल्यावांचून वापरूं नको. मुळींच सांठवूं द्यावयाचें नसेल तर 'नो-स्टोअर' असें लिहावें लागतें. आणि 'प्रायव्हेट' म्हणजे ज्याची वस्तु त्याच्याच ब्राउझरांत ठेवावी, सामाईक सांठ्यांत ठेवूं नये. वेळापत्रकास पहिला शब्द योग्य, बँकेच्या खात्यास दुसरा, आणि एकेका विद्यार्थ्याच्या स्वतःच्या पानास निदान तिसरा.

एकट्याचें व सामाईक हा भेद पुसला गेला म्हणजे काय घडतें, याचें उदाहरण २०१५ सालीं नाताळच्या दिवशीं दिसलें. संगणकावरील खेळ विकणाऱ्या स्टीम या दुकानावर त्या दिवशीं खोट्या मागण्यांचा मोठा मारा झाला. तो सोसतां यावा म्हणून मध्यस्थ सांठ्याचे नियम बदलण्यांत आले. त्यांतील एका बदलामुळें ग्राहकांचीं खासगी पानेंही सामाईक सांठ्यांत जाऊं लागलीं. परिणाम असा झाला कीं, एकानें आपलें खातें उघडावें तों दुसऱ्याचेंच पान समोर यावें. दुकानाच्या मालक व्हॉल्व्ह कंपनीनें पुढें जाहीर केलें कीं, सुमारें ३४,००० ग्राहकांचीं पानें इतरांच्या दृष्टीस पडलीं असण्याचा संभव आहे. त्यांपैकीं कांहींत ई-मेलचा पत्ता, कांहींत बिलाचा पत्ता, तर कांहींत खरेदीची यादी होती. कार्डाचा पूर्ण क्रमांक किंवा पासवर्ड मात्र नव्हता. कोणी कुलूप फोडून आंत शिरलें नव्हतें. एकाची प्रत दुसऱ्याच्या हातीं गेली, एवढेंच.

पान पाठविणारा मुदतीविषयीं कांहींच बोलला नाहीं तर? जून २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेले नियम अशा वेळीं सांठा करणाऱ्यास अंदाज बांधण्याची मुभा देतात. पान शेवटचें बदलल्यास जितका काळ लोटला, त्याच्या दशांशाइतका वेळ तें ताजें धरावें, अशी वहिवाट आहे. म्हणजे १०० दिवस न बदललेलें पान पुढें १० दिवस न विचारतां दाखविलें जाऊं शकेल. आणि नेमक्या त्याच दिवसांत परीक्षेची तारीख बदलली, तर मुलगा जुन्या तारखेवर विसंबून राहील. न बोलण्याची किंमत अशी दुसऱ्यास भरावी लागते.

पालकांस आमची विनंति आहे कीं, वेळापत्रक, निकाल किंवा फीची मुदत पाहतांना पानावरील तारीख पाहावी व पान एकवार पुनः मागवावें. विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व आर हीं तीन बटनें एकदम दाबलीं म्हणजे बहुतेक ब्राउझर आपली प्रत बाजूस ठेवून सर्व्हरकडून नवी आणतात. दुसऱ्याच्या संगणकावर आपलें खातें उघडलें असल्यास काम होतांच तें बंद करावें.

विद्यार्थ्यांनीं शाळेच्या संगणकावर एफ-१२ हें बटन दाबून 'नेटवर्क' हा भाग उघडावा, पान पुनः मागवावें, आणि कोणत्या वस्तूस किती सेकंदांची मुदत दिली आहे तें वहींत टिपून घ्यावें. चित्रास अधिक व बातमीस कमी, असें बहुधा आढळेल. तुमच्यांपैकीं कांहीं जण पुढें स्वतः पानें लिहून जगापुढें ठेवतील. त्यांनीं प्रत्येक पानाविषयीं दोन प्रश्न आधीं सोडवावे: हें किती काळ खरें राहील, आणि हें कोणाकोणास दिसावें? उत्तर ठरलें कीं तें हेडरमध्यें लिहावें, व मगच पान जगापुढें ठेवावें.